मॅरेथॉनच्या सरावातील व्यत्यय आणि त्यांना सामोरे जाण्याची पद्धती : एक विवेचन

सारांश

मॅरेथॉनची तयारी ही चार ते पाच महिने चालणारी प्रक्रिया असून तिच्यात दुखापत, आजारपण, कौटुंबिक वा व्यावसायिक अडचणी यांमुळे व्यत्यय येणे ही अपवादात्मक नव्हे, तर स्वाभाविक बाब आहे. मात्र व्यत्ययापेक्षा त्याची घाईने केलेली भरपाई धावपटूला अधिक हानिकारक ठरते. प्रस्तुत लेखात शरीरशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही अंगांनी या प्रश्नाचा विचार केला असून, काही जागतिक धावपटूंच्या उदाहरणांच्या आधारे पुनरागमनाची व्यवहार्य पद्धत मांडली आहे.

बीजसंज्ञा : मॅरेथॉन, सराव, व्यत्यय, अनुकूलन, भरपाईची वृत्ती, पुनरागमन.

१. प्रस्तावना

मॅरेथॉन आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी जो भारतीय संघ गेला, त्याच्या निवडीची पार्श्वभूमी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील क्रीडास्पर्धांत व सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारात सापडते. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळविला. पुढे १९८३ पासून पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि २००४ पासून मुंबई मॅरेथॉन सुरू झाली व लांब पल्ल्याचे धावणे निवडक क्रीडापटूंपुरते मर्यादित राहिले नाही. बँकेतील कर्मचारी, शिक्षक, गृहिणी, डॉक्टर, निवृत्त अधिकारी असे सर्व थरांतील लोक आज पहाटे उठून या शर्यतीची तयारी करताना दिसतात.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. हे अंतर पूर्ण करण्यासाठी सामान्यतः १६ ते २० आठवड्यांचा नियोजनबद्ध सराव केला जातो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होत असल्याने येथील धावपटूचा सराव ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो. म्हणजेच पावसाळ्यातील तापाच्या साथी, गणेशोत्सव, ऑक्टोबरमधील उकाडा, दिवाळी, परीक्षा वा कार्यालयीन कामाचा हंगाम या सर्वांतून त्याला वाट काढावी लागते. एवढ्या प्रदीर्घ काळात एकही दिवस न चुकता सराव पार पडणे जवळजवळ अशक्य असते. तरीही बहुतेक वेळापत्रके सर्व काही सुरळीत होईल असे गृहीत धरून आखलेली असतात आणि व्यत्यय आला म्हणजे नेमके काय करावे याविषयी ती मौन बाळगतात. हे मौन धावपटूला महागात पडते. या पार्श्वभूमीवर व्यत्ययांचे स्वरूप, त्यांचा शरीर व मनावर होणारा परिणाम आणि त्यांतून सावरण्याची पद्धत यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. व्यत्ययांचे प्रकार

सरावात येणाऱ्या व्यत्ययांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार दुखापतींचा होय. नडगीचे दुखणे, गुडघ्याच्या पुढील वा बाहेरील बाजूचे दुखणे, टाचेच्या मागील कंडरेची सूज, तळपायातील वेदना आणि हाडाला पडणारी बारीक चीर म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर ही यांतील नेहमीची उदाहरणे आहेत. या बहुतेक दुखापती एखाद्या अपघाताने न होता हळूहळू साचत जातात.

दुसरा प्रकार आजारपणाचा. आपल्याकडे पावसाळा व त्यानंतरच्या महिन्यांत विषाणूजन्य ताप, डेंग्यू, चिकुनगुनिया यांचा प्रादुर्भाव होतो. चिकुनगुनियातील सांधेदुखी कित्येकदा महिनोन्महिने रेंगाळते, त्यामुळे ताप उतरला म्हणजे व्यत्यय संपला असे म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार जीवनक्रमातून उद्भवणाऱ्या अडचणींचा आहे. घरातील आजारपण, बदली, निवडणुकीचे वा परीक्षेचे काम, लग्नकार्य या कारणांनी सराव खंडित होतो. या अडचणींत शरीर निरोगी असले तरी झोप व विश्रांती कमी झालेली असते, हे विसरता कामा नये.

चौथा प्रकार बाह्य परिस्थितीचा होय. कोविडच्या साथीमुळे २०२० च्या जानेवारीनंतरची मुंबई मॅरेथॉन थेट २०२३ च्या जानेवारीत होऊ शकली. २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी स्पर्धा झाली नाही. ज्यांची तयारी त्या काळात चालू होती त्यांच्या हाती काहीही नव्हते. ऑक्टोबरच्या उष्णतेने धावण्याचा वेग मंदावणे हाही याच प्रकारात मोडतो. उष्ण हवामानाशी जुळवून घेण्यास शरीराला साधारणतः १० ते १४ दिवस लागतात आणि त्यानंतरही दमट हवेत थंडीतील वेग साधत नाही. अनेकांना ही घसरण स्वतःची वाटते, वास्तविक ती हवेची असते.

३. शरीरातील अनुकूलनाचा असमान वेग

व्यत्यय का येतात हे समजण्यासाठी सरावाने शरीरात काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. सराव म्हणजे शरीरावर जाणीवपूर्वक टाकलेला ताण. त्या ताणाने शरीर थकते, विश्रांतीच्या काळात दुरुस्ती होते आणि पुढील वेळी तोच ताण अधिक सहजतेने पेलला जातो. या प्रक्रियेस अनुकूलन म्हणतात. म्हणून, शरीर धावताना बळकट होत नाही, तर धावून झाल्यानंतरच्या विश्रांतीत बळकट होते, हे मूलभूत सूत्र ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु शरीराचे सर्व घटक सारख्या वेगाने अनुकूल होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढू लागते. हृदयाची क्षमता व स्नायूंतील ऊर्जानिर्मिती यांत काही आठवड्यांत स्पष्ट सुधारणा दिसते. कंडरा मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. हाडांची गोष्ट आणखी वेगळी आहे. वाढलेल्या भाराला प्रतिसाद देताना हाड प्रथम आपला जीर्ण भाग झिजवून टाकते आणि मग त्या जागी नवा भाग रचते. या चक्रास सुमारे तीन ते चार महिने लागतात. मधल्या काळात, म्हणजे जुने काढले गेले पण नवे पुरते भरले गेले नाही अशा अवस्थेत, हाड तात्पुरते दुबळे असते.

याचा व्यावहारिक परिणाम महत्त्वाचा आहे. सरावाच्या पाचव्या ते आठव्या आठवड्यात धावपटूचा दम वाढलेला असतो, धाप लागत नाही, उत्साह ओसंडत असतो. नेमक्या त्याच वेळी नडगीचे वा पावलाचे हाड मात्र दुरुस्तीच्या मध्यावर असते. छाती पुढे जाण्यास अनुमती देते, पाय देत नाहीत. छातीचे ऐकून अंतर वाढविणारा धावपटू म्हणूनच जायबंदी होतो. अशी दुखापत ही इच्छाशक्तीच्या अभावाची खूण नसते. बहुधा ती अतिउत्साहाची खूण असते.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, असा एक संकेत धावपटूंमध्ये रूढ आहे. तो विवेकी असला तरी त्याची मर्यादाही जाणून घ्यावयास हवी. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे पाचशेहून अधिक नवोदित धावपटूंवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा संकेत पाळणारा गट आणि नेहमीचा, अधिक वेगाने वाढणारा सराव करणारा गट यांची तुलना करण्यात आली. दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण सुमारे २० टक्के असे जवळजवळ सारखेच आढळले. यावरून केवळ आकडा पाळल्याने संरक्षण मिळते असे नाही, हे दिसून येते. झोप, आहार, पूर्वीच्या दुखापती आणि शरीराकडून येणाऱ्या सूचना यांना आकड्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे.

४. व्यत्ययाने नेमके किती नुकसान होते?

सराव थांबला की आजवरचे सारे कष्ट वाया गेले, अशी भीती धावपटूस वाटते. ही भीती कितपत खरी आहे? एडवर्ड कॉयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दीर्घकाळ सराव केलेल्या सात खेळाडूंना सराव पूर्णपणे थांबविण्यास सांगून त्यांच्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेचे मोजमाप केले. पहिल्या तीन आठवड्यांत ही क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांनंतर एकूण घट सुमारे १६ टक्क्यांवर येऊन स्थिरावली.

या निष्कर्षांचा अर्थ दुहेरी आहे. एक तर आठवडाभराच्या खंडाने होणारे नुकसान अत्यल्प असते. दुसरे असे की, सुरुवातीची घट प्रामुख्याने रक्तातील द्रव कमी झाल्यामुळे होते आणि सराव पुन्हा सुरू होताच हा द्रव लवकर भरून येतो. म्हणून विश्रांतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन धावांत जो जडपणा जाणवतो, तो खऱ्या नुकसानीपेक्षा मोठा भासतो. शिवाय दुखापतीच्या काळात सायकल चालविणे, पोहणे किंवा खोल पाण्यात धावण्याच्या हालचाली करणे शक्य असेल, तर हृदयाची व फुप्फुसांची क्षमता बऱ्याच अंशी टिकविता येते. हाडे व कंडरा यांना विश्रांती मिळते आणि दमही टिकतो, असा हा मार्ग आहे.

५. भरपाईची वृत्ती

व्यत्ययानंतर धावपटूच्या मनात येणारा पहिला विचार असतो तो भरपाईचा. सराव हे जणू कर्ज आहे, चुकलेला प्रत्येक दिवस हा थकलेला हप्ता आहे आणि तो व्याजासह फेडला पाहिजे, अशी ही धारणा असते. शाळेत बुडालेला अभ्यास रात्री जागून भरून काढावा, हे संस्कार आपल्याकडे लहानपणापासून झालेले असल्याने ही धारणा नैसर्गिक वाटते. परंतु शरीराचा हिशोब या पद्धतीने चालत नाही.

एक साधे गणित मांडून पाहू. आठवड्याला ४० किलोमीटर धावणारी एखादी व्यक्ती तापामुळे दोन आठवडे धावू शकली नाही. तिचे ८० किलोमीटर चुकले. ते पुढील चार आठवड्यांत भरून काढायचे ठरविल्यास दर आठवड्याला २० किलोमीटरची भर पडते, म्हणजे ४० ऐवजी ६० किलोमीटर धावावे लागतात. ही वाढ ५० टक्क्यांची झाली आणि तीही शरीर आजारातून नुकतेच उठलेले असताना. एका किलोमीटरला साधारणतः एक हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. या हिशोबाने दर आठवड्याला सुमारे वीस हजार जादा आघात त्या दुबळ्या पायांवर होतात. दोन आठवड्यांचा खंड हा शर्यतीच्या दृष्टीने किरकोळ होता, त्याच्या भरपाईतून होणारी दुखापत मात्र दोन-तीन महिने अंथरुणाशी नव्हे तरी खुर्चीशी खिळवून ठेवू शकते.

तात्पर्य, चुकलेला सराव भरून काढायचा नसतो. तो सोडून द्यायचा असतो आणि आज शरीर ज्या अवस्थेत आहे तेथून पुढे जायचे असते. मॅरेथॉनच्या तयारीतील हे सर्वांत कठीण शिक्षण होय, कारण ते स्नायूंना नव्हे, मनाला द्यावे लागते.

६. काही उदाहरणे

नामांकित धावपटूंच्या कारकिर्दीतही हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांना १९८४ च्या मार्चमध्ये उजव्या गुडघ्याचे दुखणे सुरू झाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन व्हावयाची होती. २५ एप्रिलला त्यांच्या गुडघ्यावर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली आणि १२ मे रोजी, म्हणजे अवघ्या १७ दिवसांनी, निवड चाचणी होती. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी सराव वेगाने वाढविला, तेव्हा दुखऱ्या पायाला सांभाळताना दुसऱ्या पायाच्या मांडीमागील स्नायू दुखावला. भरपाईच्या घाईतून नवी दुखापत कशी उद्भवते याचे हे बोलके उदाहरण आहे. त्यांनी चाचणी जिंकली आणि ५ ऑगस्ट रोजी २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत सुवर्णपदकही मिळविले. परंतु या यशाकडे नमुना म्हणून पाहणे धोक्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर घाई करून जिंकलेली व्यक्ती इतिहासात राहते. घाई करून कायमची जायबंदी झालेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

दुसरे उदाहरण ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांचे. २००३ मध्ये लंडन येथे २ तास १५ मिनिटे २५ सेकंद असा जागतिक विक्रम केल्यानंतर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांच्याकडून सुवर्णपदकाचीच अपेक्षा होती. स्पर्धेपूर्वी त्यांच्या पायाला दुखापत झाली. तिच्यासाठी घेतलेल्या दाहशामक औषधांनी पोट बिघडले व शरीराला अन्नातून पुरेशी ऊर्जा मिळेना. २२ ऑगस्टच्या शर्यतीत सुमारे ३६ किलोमीटरनंतर त्यांना थांबावे लागले. पाचच दिवसांनी त्या १० हजार मीटरच्या शर्यतीत उतरल्या, तीही त्यांना अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर सावरण्यास काही आठवडे मिळाले आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पाच दिवसांत जे साधले नाही ते अकरा आठवड्यांत साधले. धावपटू तीच होती, तिची जिद्दही तीच होती. फरक होता तो शरीराला मिळालेल्या अवधीचा.

तिसरे उदाहरण केनियाच्या एलिउड किपचोगे यांचे. २००३ मध्ये ५ हजार मीटरचे विश्वविजेतेपद आणि पुढे दोन ऑलिंपिक पदके मिळविलेल्या या धावपटूला २०१२ च्या ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात स्थान मिळाले नाही. त्यांनी ट्रॅकवरील तीच वाट पुन्हा तुडविण्याऐवजी रस्त्यावरील शर्यतींकडे मोर्चा वळविला आणि २०१३ मध्ये हॅम्बर्ग येथे आपली पहिलीच मॅरेथॉन जिंकली. २०१६ व २०२१ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळविले. दरम्यान २०२० च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ते आठवे आले होते. ध्येय बदलणे म्हणजे पराभव पत्करणे नव्हे, हा या उदाहरणाचा बोध आहे.

७. मानसिक अंग

व्यत्ययाचा खरा भार कित्येकदा पायापेक्षा मनावर अधिक पडतो. रोज पहाटे धावणाऱ्या व्यक्तीची ओळखच धावण्याशी जोडली गेलेली असते. ते थांबले की चिडचिड, अपराधी भावना, निरुत्साह अशी लक्षणे दिसू लागतात. सोबतचे धावपटू पुढे जात आहेत हे रोज मोबाइलवरील गटात वाचावे लागते, हातावरील घड्याळ घसरते आकडे दाखविते आणि त्यातून अस्वस्थता वाढते.

रिचर्ड लॅझारस व सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ताणाविषयीची उपपत्ती येथे उपयुक्त ठरते. त्यांच्या मते ताण हा केवळ घटनेत नसतो; घटनेचे मूल्यमापन व्यक्ती कसे करते यावर तो अवलंबून असतो. ताणाला सामोरे जाण्याच्या दोन पद्धती त्यांनी सांगितल्या. समस्याकेंद्री पद्धतीत मूळ अडचण दूर करण्याचा प्रयत्न असतो, तर भावनाकेंद्री पद्धतीत अडचणीमुळे उद्भवलेल्या भावनांना आवर घातला जातो. नडगीचे दुखणे असल्यास तज्ज्ञाला दाखविणे, सरावाचे अंतर कमी करणे, स्नायू बळकट करणारे व्यायाम करणे या समस्याकेंद्री कृती होत. स्पर्धाच रद्द झाली असता मात्र असे काहीच करता येत नाही. तेथे वस्तुस्थिती स्वीकारणे व मन अन्यत्र गुंतविणे हेच योग्य ठरते. गफलत होते ती या दोहोंची अदलाबदल केल्याने. हाड दुखत असताना ‘मनाचा निश्चय पक्का हवा’ असे स्वतःला बजावून धावत राहणे म्हणजे समस्येवर भावनेचा उपाय करणे होय.

कारणमीमांसेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. बर्नार्ड वाइनर यांच्या विवेचनानुसार अपयशाचे कारण व्यक्ती अंतर्गत मानते की बाह्य, स्थिर की बदलणारे, नियंत्रणातील की नियंत्रणाबाहेरचे, यावर तिचा पुढील प्रयत्न ठरतो. ‘आपण मुळातच आळशी आहोत’ असे स्थिर कारण मानणारा धावपटू सराव सोडून देतो. ‘तीन आठवड्यांत अंतर फार वेगाने वाढविले गेले’ असे बदलता येणारे कारण शोधणारा पुढील वेळी सुधारणा करतो. म्हणून सरावाची वही ठेवून तीत अंतरासोबत झोप, दुखणे व दिवसभराचा शीण यांची नोंद केल्यास अपराधी भावनेची जागा माहिती घेते.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची संकल्पना मांडताना प्रत्यक्ष यशाचा अनुभव हा या विश्वासाचा सर्वांत प्रभावी स्रोत असल्याचे प्रतिपादन केले. व्यत्ययानंतरची पहिली धाव म्हणूनच जाणीवपूर्वक लहान व सोपी असावी. तीन किलोमीटर आनंदाने पूर्ण केल्याने जो विश्वास येतो, तो पंधरा किलोमीटर अर्धवट सोडल्याने येत नाही.

८. स्त्री धावपटू आणि थकव्याचा अर्थ

भारतीय संदर्भात एका बाबीचा स्वतंत्र उल्लेख करणे अगत्याचे आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सरावात सतत दम लागणे, वेग न वाढणे, पाय जड वाटणे या तक्रारी करणाऱ्या स्त्रीला अनेकदा ‘सवय नाही, हळूहळू होईल’ असे सांगितले जाते आणि तीही तो आपला कमकुवतपणा समजते. वास्तविक तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच अपुरे असू शकते. साध्या रक्ततपासणीने कळणारी व उपचारांनी दूर होणारी ही अडचण इच्छाशक्तीच्या खात्यावर टाकणे अन्यायकारक आहे.

त्याचप्रमाणे वाढत्या सरावाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास शरीर ऊर्जेची काटकसर करू लागते. मासिक पाळी अनियमित होणे वा थांबणे ही त्याची ठळक खूण आहे. अशा स्थितीत हाडे ठिसूळ होऊन स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेविषयी निवेदन प्रसिद्ध केले व ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते हे स्पष्ट केले. वजन कमी करणे आणि मॅरेथॉनची तयारी ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधू पाहणाऱ्यांनी याची विशेष दखल घ्यावी. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवणाऱ्या गृहिणीच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ क्रीडेचा राहत नाही, तो कुटुंबव्यवस्थेचाही होतो.

९. पुनरागमनाची पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे व्यत्ययानंतरच्या वाटचालीची काही सूत्रे सांगता येतात. ती मार्गदर्शनापुरती असून वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाहीत.

(१) खंड सात दिवसांपर्यंतचा असल्यास चुकलेले दिवस सोडून द्यावेत व वेळापत्रक ज्या आठवड्यावर आले असेल तेथूनच पुढे जावे. पहिल्या दोन-तीन धावा मात्र संथ असाव्यात.

(२) खंड एक ते दोन आठवड्यांचा असल्यास पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मे व दुसऱ्या आठवड्यात पाऊण अंतर धावावे. या काळात वेगाचा सराव टाळावा.

(३) खंड तीन-चार आठवड्यांहून अधिक असल्यास उद्दिष्टाचाच फेरविचार करावा. ठरविलेली वेळ सोडून केवळ शर्यत पूर्ण करणे, पूर्ण मॅरेथॉनऐवजी अर्धमॅरेथॉन धावणे किंवा पुढील वर्षाची वाट पाहणे असे तीन सन्माननीय पर्याय असतात.

(४) दुखापतीनंतर धावण्यापूर्वी काही दिवस अर्धा ते पाऊण तास झपाट्याने चालून पाहावे. चालताना वा दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना नसल्यास चालणे व धावणे आलटून पालटून, एक दिवसाआड सुरू करावे. आधी अंतर वाढवावे, वेग सर्वांत शेवटी.

(५) वेगाऐवजी श्रमाचे मोजमाप करावे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर श्रम योग्य आहेत असे समजावे.

(६) अंगात ताप असताना, छातीत कफ असताना किंवा अंगदुखी असताना धावू नये. विषाणूजन्य आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूस सूज येते व अशा वेळी केलेले कष्ट जीवावर बेतू शकतात. छातीत दुखणे, धडधड, चक्कर ही लक्षणे असल्यास वैद्यकीय तपासणीपूर्वी सराव करू नये. डेंग्यूनंतर डॉक्टरांच्या अनुमतीनेच धावण्यास आरंभ करावा.

(७) हाडावर एका बोटाने दाखविता येईल अशा ठिकाणी दुखणे, रात्री विश्रांतीतही ठणकणे, किंवा दुखण्यामुळे चाल बदलणे या धोक्याच्या सूचना होत. वेदनाशामक गोळी घेऊन धावल्याने सूचना बंद होते, दुखापत चालूच राहते. शिवाय लांब अंतर धावताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर विपरीत परिणाम होण्याची शक्यता असते.

(८) शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कोणतीही उणीव भरून काढता येत नाही. या काळात केलेल्या सरावाचा लाभ शर्यतीपर्यंत पोहोचत नाही, थकवा मात्र पोहोचतो.

१०. निष्कर्ष

मॅरेथॉनच्या तयारीतील व्यत्यय हा तयारीच्या बाहेरचा अपघात नसून तिचाच एक भाग आहे. शरीरातील विविध घटकांच्या अनुकूलनाचा वेग असमान असल्याने आणि धावपटू हा नोकरी, संसार व समाज यांत वावरणारा माणूस असल्याने तो येणारच, हे गृहीत धरून नियोजन करणे इष्ट होय. वीस आठवड्यांच्या वेळापत्रकात दोन-तीन आठवडे आरंभीच मोकळे ठेवले, तर व्यत्यय आला तरी नियोजन कोलमडत नाही.

अल्पकालीन खंडाने होणारे नुकसान समजले जाते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते आणि त्याची घाईने केलेली भरपाई पुष्कळच अधिक नुकसान करते, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे. थकवा आणि वेदना यांना चारित्र्याची कसोटी न मानता माहिती मानावे. काही वेळा ती माहिती रक्ततपासणीकडे नेईल, काही वेळा विश्रांतीकडे, तर काही वेळा उद्दिष्ट बदलण्याकडे. महाविद्यालये, क्रीडा मंडळे व धावपटूंचे गट यांनी केवळ सरावाची वेळापत्रके न वाटता सराव खंडित झाल्यावर काय करावे याचेही मार्गदर्शन केल्यास अनेक टाळता येण्याजोग्या दुखापती टळतील. शर्यत जानेवारीतील एका सकाळी संपते, धावणारे पाय मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे त्याच माणसाला चालवायचे असतात. सरावासंबंधीचा प्रत्येक निर्णय घेताना या दीर्घ पल्ल्याचे भान राखणे अगत्याचे आहे.